‘घरी न्या’ म्हटल्यानंतर : डहाणू-तलासरीतल्या अखेरच्या शुश्रूषेचा आढावा

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या माणसाला बरा न होणारा आजार जडला, की त्याची पुढची वाट बहुतेक ठरलेली असते. आधी गावातला भगत किंवा आशाताई, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून कासा किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर तलासरीचं ग्रामीण रुग्णालय. तिथली चिठ्ठी घेऊन कोणी वलसाडला जातो, कोणी सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात, कोणी वापीच्या खासगी दवाखान्यात. कोणी डहाणू रोडला लोकल पकडून सव्वाशे किलोमीटरवरच्या मुंबईत केईएम नाहीतर टाटा गाठतो. तपासण्या होतात, कर्ज होतं, कधी ऑपरेशन होतं, कधी किमोचे दोन-चार डोस. आणि एक दिवस डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’

हा सल्ला पुष्कळदा वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच असतो. पण रुग्णालयाची फाइल त्या वाक्यावर बंद होते आणि माणूस मात्र त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिने जगतो. त्या दिवसांत दुखणं कोणी आवरायचं, जखम कोणी धुवायची, श्वास लागला तर कोणाला बोलवायचं आणि ही जबाबदारी रुग्णालयाची की घराची, हा या आढाव्याचा विषय आहे.

सुरुवातीलाच एक फरक सांगायला हवा. मुंबईत आणि न्यायालयांत गेली पंधरा वर्षं जी चर्चा गाजली, ती कृत्रिम जीवनरक्षक यंत्रं कधी आणि कोणाच्या सहीने काढावीत याची. डहाणू-तलासरीतली बहुतेक मरणं त्या यंत्रांपर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण पहिल्याच्या गाजावाजात दुसरा झाकला जातो, आणि या भागापुरता दुसराच मोठा आहे, असं माझं मत आहे.

कोणाचा प्रश्न, किती मोठा

२०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि तलासरीची दीड लाखाच्या वर होती. तलासरीत दर १० माणसांमागे ९ आदिवासी. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काही पाड्यांत कातकरी. किनाऱ्यावर बोर्डी-घोलवडपासून चिंचणी-वरोरपर्यंत मांगेला, भंडारी आणि चिकूच्या वाड्या सांभाळणारी पारशी-इराणी कुटुंबं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून पालघर वेगळा झाला. जिल्हा झाला, पण जिल्हा रुग्णालयाची स्वतःची इमारत त्यानंतर अनेक वर्षं कागदावर आणि बांधकामातच राहिली.

अखेरच्या शुश्रूषेची गरज म्हटलं की डोळ्यांपुढे कॅन्सर येतो. इथे तो आहेच. तंबाखू-मशेरीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर, बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा. पण पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, किडन्या निकामी झालेले, दारूने यकृत गेलेले, क्षय बरा होऊनही फुप्फुसं कायमची खराब झालेले हे सगळे त्याच रांगेत आहेत. आणि सिकलसेल आहे. त्यात कोवळ्या वयातही हाडं फोडून टाकणाऱ्या कळांचे झटके येतात. मरण जवळ नसतं, पण वेदना तीच असते. म्हणूनच पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटच्या चार दिवसांची सोय, ही समजूत अपुरी आहे. आजाराचं निदान झाल्यापासून उपचारांच्या बरोबरीने वेदना, श्वास, उलट्या, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांच्याकडे लक्ष देणं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. अखेरची शुश्रूषा हा पॅलिएटिव्ह केअरचा शेवटचा टप्पा.

हे शास्त्र इथवर कसं आलं

बरे न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्सपासून मानतात. सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घराची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न यांची मिळून एकच वेदना होते, ही त्यांची मांडणी आजही या शाखेचा पाया आहे.

भारतातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रात निघालं. १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी जाहीर केली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून रुग्णांना मोफत सेवा देत आलं आहे. टाटा रुग्णालयात वेदनेच्या दवाखान्यातून वाढत वाढत पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग झाला आणि २०१२ मध्ये तिथे या विषयाची एमडी पदवी सुरू झाली.

दुसरी धारा केरळची. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने सुरू झालेला दवाखाना पुढच्या दशकात गावोगावच्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात बदलला. केरळने २००८ मध्ये राज्याचं धोरण केलं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये. देशात असं धोरण करणारं आपलं दुसरं राज्य. नाशिकसारख्या जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयांतून काम सुरूही झालं. आजच्या पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे २०१० नंतर मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा जो प्रकल्प राज्यात झाला, त्याच्या निवडक ठिकाणांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला जव्हार-विक्रमगडचा आदिवासी टापू होता. म्हणजे डहाणूच्या शेजारच्या डोंगरात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे.

पुढे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात पॅलिएटिव्ह केअर आली, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या १२ सेवांमध्ये वृद्धांच्या काळजीबरोबर तिचाही समावेश झाला. त्यामुळे कागदावर ही सेवा उपकेंद्रापर्यंत उतरलेली आहे. ‘क्वालिटी ऑफ डेथ’ या जागतिक क्रमवारीत २०१० साली भारत ४० देशांत शेवटचा होता आणि २०१५ मध्ये ८० देशांत ६७ वा. पण देशाच्या अशा एका आकड्यात केरळचं मलप्पुरम आणि आपली तलासरी एकत्र मोजले जातात, म्हणून त्याचा फार आधार घेऊ नये.

दुखणं आणि गोळी

आता मुख्य गोष्टीकडे. कॅन्सरची तीव्र वेदना आटोक्यात आणायला जे औषध लागतं, ते महाग नाही, नवं नाही आणि परदेशी तर नाहीच. मॉर्फिन अफूपासून निघतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर औषध म्हणून होणारा मॉर्फिनचा देशातला वापर कोसळला. १९८५ मध्ये ७१६ किलो, १९९७ मध्ये १८ किलो. कायद्याचा रोख तस्करीवर होता. मार बसला तो रुग्णांवर. एकेका साठ्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, त्यांच्या न जुळणाऱ्या मुदती आणि चूक झाली तर कठोर शिक्षा. एवढं पाहिल्यावर बहुतेक रुग्णालयांनी ते औषध ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिता निवृत्त झाली.

२०१४ च्या दुरुस्तीने हे बदललं. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारखी अत्यावश्यक औषधं वेगळी काढली गेली. रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच मान्यता घ्यायची, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ठेवायचा, कुलपातला साठा आणि नोंदवही सांभाळायची, वर्षाचा हिशेब द्यायचा.

मग अडतं कुठे? इथे तीन मतं ऐकू येतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिलं मत सावध आहे. औषध चोरीला जाईल, दारूचं व्यसन असलेल्या घरात ते भलत्याच हाती पडेल, आणि नोंदवहीत एक गोळी कमी भरली तर चौकशी वैद्यकीय अधिकाऱ्याची होईल. अमेरिकेत मॉर्फिनसारख्या ओपिऑइड गोळ्यांनी गेल्या अडीच दशकांत केलेला संहार समोर आहे. ही भीती भ्याडपणाची नाही. कंत्राटावर असलेल्या, दोन वर्षांत बदली होणाऱ्या तरुण डॉक्टरला जोखीम दिसते आणि पाठीशी उभं राहणारं कोणी दिसत नाही.

दुसरं मत पॅलिएटिव्ह केअर करणाऱ्यांचं. वेदना असलेल्या रुग्णाला नेमक्या मात्रेत, देखरेखीखाली तोंडाने मॉर्फिन दिलं तर व्यसन जडण्याचं प्रमाण फार कमी असतं, असा त्यांचा अनुभव आहे. १० मिलिग्रॅमची गोळी, साधारण दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठ हमखास होतं. सुरुवातीला मळमळ आणि गुंगी, ती बहुतेकांची काही दिवसांत उतरते. एवढं समजावून द्यायला एका माणसाची पंधरा मिनिटं लागतात, आणि ओपीडीच्या गर्दीत नेमकी तीच मिळत नाहीत, असं ते सांगतात.

तिसरं मत मधलं आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात मॉर्फिन नको, पण डहाणू, कासा आणि तलासरी या तीन ठिकाणी तरी असावं, आणि प्रत्येक ठिकाणी एक नव्हे, दोन डॉक्टर प्रशिक्षित असावेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी साठा कुलपात अडकून पडणार नाही.

मला हे तिसरं मत व्यवहाराला सर्वांत जवळचं वाटतं, आणि त्याचं कारण अंतर हे आहे. मुंबईहून आणलेल्या गोळ्या संपल्या, की कोणीतरी पुन्हा परळला जायचं. झरीहून किंवा उधव्याहून पहाटे निघून, रिक्षा, गाडी, लोकल करत, एका दिवसाची मजुरी बुडवून. ते जमेपर्यंत दुखणारा माणूस डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनवर आणि ट्रॅमाडॉलवर काढतो. वेदनेच्या औषधांच्या त्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून तिसऱ्या पायरीचं दुखणं सोसायचं, असा तो प्रकार आहे.

खाट की घरभेट

रुग्णालयात काही खाटा राखून ठेवाव्यात, की माणूस घरीच असावा आणि सेवा त्याच्याकडे जावी? केरळने दुसरा मार्ग धरला. गावातले स्वयंसेवक, पंचायतीने ठेवलेली परिचारिका, महिन्यातून ठरलेल्या भेटी आणि लोकवर्गणी. या नमुन्याचं जगभर कौतुक झालं आहे. २०२२ च्या मृत्यूविषयक लॅन्सेट आयोगानेही त्याची दखल घेतली.

घरभेट म्हणजे काय, ते एका जखमेवरून कळतं. तोंडाचा कॅन्सर गाल फोडून बाहेर आला, की जखमेला असा वास सुटतो की घरचे जेवायला जवळ बसू शकत नाहीत. कुडाच्या घरात माणसाची खाट ओटीवर येते, मग पडवीत जाते. माश्या बसतात, अळ्या होतात. यावरचा इलाज फार साधा आहे. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या बाहेर काढायच्या, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची आणि मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड वर भुरभुरायची. वास दोन-तीन दिवसांत कमी होतो. खाट पुन्हा आत येते, नातवंडं जवळ येतात. यातलं काहीही आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खोलीबाहेरचं नाही. लागतो तो एकदा येऊन दाखवणारा हात, आणि आठवड्याने परत येऊन बघणारा.

घरभेटीच्या बाजूचं म्हणणं असं, की लोकांना शेवट घरीच हवा असतो, खर्च कमी होतो आणि आशाताई घर ओळखत असते. पाड्यावर कोणाच्या घरात कोण अंथरुणावर आहे हे तिला विचारावं लागत नाही. कॅन्सरच्या तपासणीसाठी तिशीवरच्या लोकांच्या याद्या ती करतेच. पैशांचा प्रश्नही अगदीच बिनतोड नाही, असं काही कार्यकर्ते सुचवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य हे त्याच्या खर्चाचं एक मान्य खातं आहे. तलासरी आणि डहाणू या दोन्ही तालुक्यांतला ग्रामीण भाग पेसात येतो. वर्गणीपेक्षा हा आधार भक्कम ठरू शकेल. मात्र ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि शाळेच्या छपरापुढे मरणाऱ्या माणसाचं ड्रेसिंग टिकेल का, ही शंका रास्त आहे.

खाटेच्या बाजूचं म्हणणंही ऐकण्याजोगं आहे. केरळात गावं सलग आहेत, रस्ते दारापर्यंत आहेत. इथे एकेक गाव दहा-बारा पाड्यांत विखुरलेलं, आणि पावसाळ्यात मधला ओहोळ भरला की पाडा तुटतो. आशाताईंचं मानधन कामागणिक ठरतं आणि कामं आधीच वाढत चालली आहेत. त्यांच्यावर आणखी एक न मोजलेलं ओझं टाकणं अन्यायाचं होईल. आणि घरभेटीच्या कल्पनेत घरात कोणीतरी आहे हे गृहीत धरलेलं असतं. दिवाळीनंतर या पाड्यांतली हाती-पायी धड माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, गुजरातच्या मासेमारी बोटींवर निघून जातात, ती होळीला परततात. मागे म्हातारे आणि लहान मुलं. पक्षाघाताने पडलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायला मागे उरते ती त्याचीच सत्तरीतली बायको. कुशी बदलणं, उचलून बसवणं तिच्या आवाक्याबाहेरचं असतं. पाठीला जखमा होतात त्या निष्काळजीपणाने नव्हे. अशा घरासाठी थोड्या दिवसांची का होईना, रुग्णालयातली खाट हाच आधार आहे.

नाशिककडच्या सरकारी कामात दोन्हींची सांगड घालायचा प्रयत्न झाला. बाह्यरुग्ण विभाग, थोड्या खाटा आणि ठरलेल्या दिवशी निघणारी गाडी. डहाणूत जमेच्या बाजू आहेत. धुंदलवाडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे, डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद आणि वेदनेचा उपचार यांना जागा मिळाली आहे. त्यामुळे आता येणारे डॉक्टर हा विषय निदान ऐकून तरी येतील.

यंत्रं काढण्याचा कायदा

न्यायालयीन वाटचाल थोडक्यात. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं त्याच रुग्णालयात होत्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला शानबाग यांच्याबाबत उपचार थांबवायला नकार दिला, पण निष्क्रिय दयामरणाचा मार्ग तत्त्वतः खुला केला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीही उपचार थांबवायला विरोध केला होता, हे विसरू नये. ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. त्यातली प्रक्रिया इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. रुग्णालयाचं पहिलं मंडळ आणि त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं मंडळ, दोन्हींत प्रत्येकी तिघे, शक्यतो ४८ तासांत निर्णय. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांच्या पाठपुराव्यानंतर इच्छापत्रं जपून ठेवायला स्थानिक संस्थांत अधिकारी नेमण्याचं कामही राज्यात सुरू झालं. २०२४ मध्ये केंद्रानेही उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला.

एका बाजूचे डॉक्टर म्हणतात, मंडळांची अट ही गैरवापराविरुद्धची ढाल आहे. गरीब, निरक्षर कुटुंबाच्या सहीवर यंत्र काढणं सोपं होऊ नये. दुसरी बाजू म्हणते, पाच वर्षांचा अनुभव असलेले विषयतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात उभे करायचे कुठून? परिणामी मंडळ बसतच नाही आणि कुटुंब ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ या कागदावर अंगठा देऊन माणसाला घरी नेतं. वापीच्या अतिदक्षता विभागातून पैसे संपल्यावर निघणारी गाडी याच कागदावर निघते. यंत्र निघतंच, फक्त मंडळाऐवजी बिलाने. आणि सोबत ना मॉर्फिन, ना ऑक्सिजन, ना पुढच्या डॉक्टरला चिठ्ठी. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी अजून पुरेसं बोललेलं नाही.

सांगणं, सलाईन आणि भगत

रुग्णाला खरं सांगावं का? शहरी पुस्तकं सांगतात, त्याचा हक्क आहे, हळूहळू सांगा. घरचे म्हणतात, त्याला कळलं तर तो आधीच खचेल. इथे आणखी एक पदर आहे. डॉक्टर मराठवाड्यातला किंवा विदर्भातला, रुग्ण घरी वारली बोलणारा, आणि मधे दुभाषा म्हणून शाळेत जाणारी नात. तेरा वर्षांच्या मुलीने आजोबांना काय सांगायचं? निदान हे काम तिच्याकडून काढून भाषा जाणणाऱ्या परिचारिकेकडे किंवा आशाताईकडे द्यावं, याबाबत मतभेद होऊ नयेत.

सलाईनचा वाद वेगळा. अखेरच्या दिवसांत शिरेतून पाणी दिल्याने अंगाला सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, म्हणून पॅलिएटिव्ह केअरवाले ओठ आणि तोंड ओलं ठेवण्यावर भर देतात. घरच्यांना मात्र बाटली लावली नाही, म्हणजे माणसाला उपाशी मारलं असं वाटतं, आणि गावातला खासगी डॉक्टर तीच बाटली घरी येऊन चढवतो. कुटुंबाची ती समजूत खोडून काढण्यापेक्षा चमच्याने पाणी पाजण्याचं, तोंड पुसण्याचं काम त्यांच्या हाती दिलं तर हात रिकामे राहत नाहीत, असं अनुभवी परिचारिका सांगतात. मला ते पटतं.

भगताबद्दल आरोग्य खात्यात दोन मतं आहेत. एक, त्याच्यापायी गाठ असलेली बाई दवाखान्यात येईपर्यंत सहा महिने जातात. दुसरं, डॉक्टरने हात टेकल्यावर रात्रभर खाटेजवळ बसणारा तोच असतो. पहिलं निदानाच्या वेळेबद्दल खरं आहे, दुसरं अखेरच्या वेळेबद्दल. एकाच माणसाशी दोन टप्प्यांवर वेगळं वागावं लागेल.

आधी बरं करण्याची सोय

सर्वांत अवघड आक्षेप आदिवासी भागात काम करणाऱ्या संघटनांकडून येतो. १९४५ च्या वारली उठावापासून इथे हक्कांची भाषा रुजलेली आहे. त्या भाषेत प्रश्न असा विचारला जातो. जिथे गाठीची तपासणी वेळेवर होत नाही, रक्त मिळत नाही, बाळंतिणीला वलसाडला धाडावं लागतं, तिथे आधी सुखाने मरण्याची सोय का? शहराला उपचार आणि पाड्याला सांत्वन, अशी वाटणी तर होत नाही ना?

पॅलिएटिव्ह केअरकडून याला दोन उत्तरं दिली जातात. एक, उशिरा आलेला आज दुखतो आहे, पुढच्या दहा वर्षांत येणारं रुग्णालय त्याच्या कामाचं नाही. दोन, वेदना ऐकणारा डॉक्टर लवकर निदानही करतो. पहिलं उत्तर निर्विवाद आहे. दुसरं मला आशेपोटी दिलेलं वाटतं, त्याला इथला पुरावा हवा. आक्षेपाचा गाभा दोन्ही उत्तरांनी संपत नाही. तिशी-चाळिशीतल्या, उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या बाईला केवळ पैसे नाहीत म्हणून पॅलिएटिव्हच्या यादीत टाकलं जाणार नाही, याची हमी कोण देणार, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवा.

काय सुटलेलं नाही

पहिली अडचण मोजणीची. घरी झालेला मृत्यू २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंदवला जातो, पण त्याआधीचे तीन महिने माणूस कसा होता, हे त्या नोंदीत नसतं. माता आणि बालमृत्यूंची कारणं घरोघर जाऊन तपासण्याची पद्धत या जिल्ह्याला चांगली माहीत आहे. तशी काही निवडक मृत्यूंची चौकशी, मग तो कॅन्सर असो की यकृताचा आजार, वर्षातून एकदा दोन-तीन आरोग्य केंद्रांच्या हद्दीत करता येईल. त्याशिवाय किती मॉर्फिन मागवायचं याचाही अंदाज बांधता येत नाही.

दुसरी, गाडीची. १०८ ची रुग्णवाहिका आपत्कालीन रुग्णासाठी आहे. घरी परतणाऱ्या किंवा मृत माणसासाठी नाही. रुग्णालयात जीव गेला तर प्रेत नेण्याचा खर्च आणि वाटेत गेला तर शवविच्छेदनाची धास्ती, म्हणून पुष्कळ कुटुंबं श्वास चालू असतानाच घाईने निघतात. घरी मरण्याची इच्छा आणि गाडीभाड्याची भीती यांतलं नेमकं काय काम करतं आहे, हे विचारल्याशिवाय ‘आदिवासींना घरीच मरायला आवडतं’ असं म्हणणं धाडसाचं आहे.

तिसरी, हद्दीची. तलासरीच्या रुग्णाला वलसाड, वापी, सिल्वासा जवळ. तिथली रुग्णालयं गुजरातची किंवा केंद्रशासित प्रदेशाची. महाराष्ट्राचं धोरण त्यांना लागू नाही आणि तिथून निघालेल्या रुग्णाची खबर इथल्या आरोग्य केंद्राला मिळत नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या औषधांची नावं, मात्रा आणि रुग्णाच्या गावाच्या आरोग्य केंद्राचं नाव लिहून त्याची एक प्रत तिकडे पाठवणं, एवढी किमान गोष्टसुद्धा दोन राज्यांच्या आणि एका प्रशासनाच्या खात्यांनी मिळून ठरवावी लागेल. ती बैठक कोणी बोलवायची, पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, जिल्हा शल्यचिकित्सकांनी की मुंबईतल्या आरोग्य संचालनालयाने, इथपासूनच चर्चा सुरू करावी लागेल.